वरचं अंगण

पोखर्णी

प्रिय दादा,

तुझा मोबाईलवरचा निरोप दोनदा ऐकला. पहिल्यांदा शाळेत होते, पोरांच्या गलक्यात नीट कळला नाही. "बबे, एक ग्रह हाय समज, आपल्या पृथ्वीएवढाच. त्याच्यावर आभाळात एक मुलूख तरंगायलाय. तो किती लांबून दिसंल ते सांग की. तू गणिताची बाई. भाग अडकून पडलाय माझा." पुण्यात इतकी वर्षं काढून माझ्याशी बोलताना तू अजून बोरीचाच होतोस, हे ऐकायला बरं वाटतं. मग थोडा थांबलास आणि म्हणालास, दिवाळीला पोखर्णीला येतो, भाऊबीजेला ओवाळून घेतो. म्हणजे दोन प्रश्न झाले. मुलुखाचा सोपा आहे, तो आधी सोडवते. तू यावंस की नाही, ते शेवटी सांगते. फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू मधे बोलतोस.

ग्रह गोल आहे म्हणून प्रश्न आहे. बघणाऱ्याच्या डोळ्यातून निघालेली रेष जमिनीला घासून सरळ पुढे जाते आणि जमीन तिच्याखाली वाकत जाते. मुलूख त्या रेषेच्या वर असेल तोवर दिसतो. खाली गेला की बुडाला. एक किलोमीटर उंचीवर टांगलास तर तो एकशे तेरा किलोमीटरपर्यंत दिसेल. उंची चौपट केलीस तर अंतर चौपट होत नाही, दुप्पटच होतं. इथे तुझं चुकतं. तुझ्या मोबाईलवर ऐकायच्या मालिकेत मुलूख प्रत्येक भागात थोडा वर जातो आणि शेवटी तो सगळ्या ग्रहाला दिसायला लागतो. तसं होत नाही. कितीही वर नेलास तरी अर्ध्याहून जास्त ग्रह त्याला मुकणारच. आणि हे सगळं हवा स्वच्छ धरून. आपल्याकडे वैशाखात चार कोसांवरचं गाव धुळीत जातं. मुलूख बुडायच्या कितीतरी आधी आभाळाच्या रंगाचा होईल आणि मग तो तिथे आहे की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. समोर असून न दिसणं म्हणजे हे. हे तुला वापरता येईल.

हा मुलूख तुझ्या मालिकेच्या आधीचा आहे. ऐकणाऱ्यांना ते माहीत नाही, मला आहे. बोरीच्या पाण्याच्या टाकीला बाहेरून लोखंडी जिना होता. मी सहा वर्षांची आणि तू बारा. आई त्याच साली गेली होती. माहेरी राणीसावरगावला गेली, तिथं ताप आला, तिथंच जाळली, असं आपल्याला सांगितलं. मी रोज रडायचे, आणि आजी म्हणायची, "हिचं तोंड बंद कर रे आदी." तू मला जिन्याच्या अर्ध्यावर नेऊन बसवलंस आणि दक्षिणेकडे बोट केलंस. आभाळाच्या कडेला एक मुलूख तरंगत असतो, आई तिथं राहते, नीट बघितलं तर दिसते. मला काही दिसत नव्हतं. मी म्हणाले, दिसायली. तू विचारलंस, लुगडं कोणतं नेसलीय? मी म्हणाले, हिरवं. तू हसलास. "हिरवं न्हाई गं, जांभळं."

पुढे तू गंगाखेडला वसतिगृहात गेलास. सुट्टीला आलास की आपण टाकीवर जायचो. तू सांगायचास, आई आज मिरच्या वाळू घालायलीय. आईचा एक दात पडलाय. आईनं शेळी घेतलीय, तिचं नाव चंदी. मला वाटायचं, दादाचे डोळे किती चांगले. मी माझे डोळे चोळून चोळून लाल करायचे. आजीनं दोनदा दूध-हळद घातली डोळ्यांत. तुझं सगळं खरं असायचं, हे आता कळतं. आदल्या रविवारी तू ते बघून आलेला असायचास. गंगाखेडहून राणीसावरगावला एसटीनं जाऊन यायला सुट्टीचा दिवस पुरतो.

आता अहेव नवमीचं सांगते. तू हा भाग मालिकेत घेतला नाहीस. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं त्या दिवशी करतात, तसं आपल्या घरी आईचं दर वर्षी व्हायचं. एक सवाष्ण जेवायची, आणि अंगणातल्या न्हाणीच्या बुटक्या पत्र्यावर आईच्या नावाचा घास ठेवायचा. एरवी घासाकडे कुणी एवढं बघत नाही. कावळा शिवतो की नाही हे दहाव्याच्या पिंडाला बघतात. पण आईचा दहावा बोरीत झालाच नव्हता, म्हणून गावात कुणी शंका काढू नये याची धास्ती आजीला नवमीलाच असायची. ती आळीतल्या बायका गोळा करून त्यांच्यासमोर घास ठेवायची. एवढी माणसं पत्र्याला वेढून उभी राहिल्यावर कावळा कशाला येतो? दर वर्षी तासभर खोळंबा व्हायचा, मग आजी काहीतरी कबूल करायची, बायका कंटाळून मागं सरायच्या आणि कावळा यायचा. एका वर्षी तिनं देवीला खण कबूल केला. एका वर्षी तुझं शिक्षण.

मी बारावीत होते. त्या वर्षी लय वेळ लागला. बायका हटत नव्हत्या, कारण शेजारणीची नवी सून पहिल्यांदाच बघत होती आणि तिला सगळं समजावून सांगायचं चाललं होतं. आजी हात जोडून आईला म्हणाली, "कडूबाई, शेत पेरू वेळेवर." कावळा लिंबावरच. "तुझ्या नावानं मुंजोबाला नारळ देऊ." लिंबावरच. अण्णा बाप असून दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत उभे होते. मग आजी माझ्याकडे वळली आणि तिचं तोंड उजळलं, जसं हरवलेली किल्ली सापडल्यावर उजळतं. "पोरीतच जीव अडकलाय गं तिचा. कडूबाई, बबीचं लगीन याच साली उरकू." पत्र्याच्या अगदी कडेला तू उभा होतास. तू दोन पावलं मागं सरलास. तू सरलास म्हणून तुझ्यामागच्या बायका सरल्या. कावळा आला.

मी ते बघितलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. तुझ्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. तुला भूक लागली होती, घास शिवल्याशिवाय कुणाला ताट मिळत नव्हतं. आई जिवंत आहे, राणीसावरगावात शेळीला पाला टाकत असेल, हे त्या अंगणात चार माणसांना माहीत होतं. आजी, अण्णा, शेजारची एक म्हातारी आणि तू. आणि तिची इच्छा ओळखली म्हणून बायका डोळे पुसत होत्या. माघात माझं लग्न झालं. बारावीची परीक्षा फाल्गुनात होती. रंगनाथ वाईट माणूस निघाला नाही, पुढे मला त्यानंच शिकवलं, हे मी तुला आजवर मुद्दाम कधी नीट सांगितलं नाही. तुला सोपं जाऊ नये म्हणून.

तुझी मालिका मला शाळेतल्या बाईंनी ऐकायला लावली. तुमचा भाऊ किती हळवा लिहितो, म्हणाल्या. मी भाकरी करताना मोबाईल फळीवर ठेवून ऐकायचे. तरंगत्या मुलुखावरची आई, खालून हाका मारणारा तिचा मुलगा. मुलगाच आहे. मुलगी तू घेतली नाहीस. माझ्या आठवणीत आईच्या मनगटावर एक पांढरा ठिपका आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी त्याला बोट लावायचे आणि ती हात पदरात ओढून घ्यायची. पहिल्या भागांत तुझ्या आईला तो ठिपका होता. मला रडू आलं, दादाला आठवतंय म्हणून. मग एका भागात तू सांगितलंस की आता तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झालेत, ओठांची कडही गेलीय, आणि चष्म्याची काडी मोडली म्हणून तिनं सुतळीनं बांधलीय. माझी तव्यावरची भाकरी जळाली. मेलेली माणसं म्हातारी होत नाहीत, दादा. आणि पांढरे हात सुचतील एखाद्याला. सुतळी सुचत नाही. ती बघावी लागते.

त्याच आठवड्यात रजा टाकून गेले. मामाचं घर विचारत विचारत. लिंबाजीमामा ओट्यावर दोरखंड वळत बसला होता. मला बघून उठला नाही. म्हणाला, "ये. मला वाटलं, तू बी येत न्हाईस." आत आई होती. मोतीबिंदू पिकलाय, हातभर अंतरावरचंही माणूस तिला नीट दिसत नाही. पावलांच्या आवाजाकडे तोंड करून ती म्हणाली, "आदी आला का?" मी म्हणाले, बबिता. ती म्हणाली, "बबी तिकडं नांदायलीय. आदी कवा यायलाय?" हे मी तुला बरोबर शब्दाला शब्द लिहिते आहे, कारण तू लेखक आहेस आणि तुला असं काही हाताशी लागलं की आनंद होतो.

मामानं सगळं सांगितलं. ठिपका मनगटावरून बोटांवर आला तेव्हा धुरपताबाई, आपली आजी, त्याच्या घरी आली होती. "घरात पोर हाय. आई कोडाची म्हणलं तर आमचा उंबरा कोण चढंल?" मामा म्हणाला, मग इथं राहू द्या, आजारी हाय म्हणा. आजी म्हणाली, "आजारी म्हणलं की बघाया येतेत. मेली म्हणू. मेलेल्याचं कातडं कुणी बघत न्हाई." अण्णा सोबत होते, ते चहा प्याले. आणि आईनं होकार दिला. माझ्यासाठी दिला. माझं लग्न होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी शपथ तिनं तुला घातली. तू ती पाळलीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. बारा वर्षांचं पोर आईची शपथ मोडत नसतं. म्हणशील, म्हणूनच मागं सरलो, लग्न उरकलं की आई मोकळी होणार होती. तेही धरते. मग झाली का मोकळी? माझं लग्न झालं, मला पोरं झाली, आजी गेली, अण्णा गेले, अण्णांना खांदा द्यायला आलास तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडलास. तेव्हाही नाही सांगितलंस. शपथ केव्हाच संपली होती. मी पुष्कळ विचार केला आणि मला एकच कारण सापडलं. आई मला अर्धी द्यावी लागली असती. मग तुझं पुण्यात बस्तान बसलं, तुझंही तिकडे जाणं थांबलं, आणि उरलेली तू कुणालाच दिली नाहीस. मालिकेत घातलीस.

बोरी ते राणीसावरगाव नकाशावर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. मी पट्टी लावून बघितलं. तुझा मुलूख त्या दोन गावांतल्या कुठल्याही एकावर, फक्त एक किलोमीटर उंच, खरोखर टांगलेला असता, तर दुसऱ्या गावातून दिसला असता. उत्तर एवढंच आहे. पण आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्या मालिकेत मुळातूनच चुकली आहे. जमिनीवर उभ्या माणसाला तरंगत्या मुलुखाचं फक्त बूड दिसतं. जवळून पाहा की लांबून, वरचं अंगण कधीच दिसत नाही. त्याची कड आडवी येते. मुलगा खालून वर बघतो आणि त्याला आई अंगणात मिरच्या वाळू घालताना दिसते, असं होऊच शकत नाही. वरचं अंगण दिसायचं तर वर जाऊन यावं लागतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी हे विचारलं नाही, याचं मला नवल वाटतं. मीही टाकीच्या जिन्यावर कधी विचारलं नाही. आणि दिसणं दोन्हीकडून असतं. कड मला दिसत असेल तर कडेवर येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला मी दिसते. तू कडेवर उभा होतास, दादा. तुला मी दिसत होते.

श्रावणात मी आईला पोखर्णीला आणलं. शेजारपाजार काय म्हणेल म्हणून मला रात्रभर झोप नव्हती. आजीचीच नात. रंगनाथनं तिचे हात उजेडात धरून बघितले आणि विचारलं, "एवढंच व्हतं?" मी म्हणाले, एवढंच. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वाण्याला बी हाय की." संपलं. नृसिंहाच्या दर्शनाला नेलं तेव्हा रांगेत कुणी वळूनही बघितलं नाही. एवढ्यासाठी ती मेली होती.

पण ती इथे नव्हतीच. दारावरून ऑटो गेला की, "आदी आला का बघ." ताट पुढं ठेवलं की, "आदी आल्यावर खाते." माझ्या हाताला हात लावून बोटं चाचपायची, तुझी नाहीत म्हणून सोडून द्यायची. मी तिची वेणी घालायचे, नखं काढायचे, आणि ती मला विचारायची की आदीला माझा पत्ता कुणी सांगितला असंल का. तुला फोन लावून द्यावा असं मनात आलं होतं. लावला नाही. दोन भाकऱ्यांवरून ती अर्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वाट बघणं बंद करा.

ते मी बंद केलं. एका दुपारी वाती वळता वळता तिला सांगितलं की दादा गेला. तिचे हात थांबले. "कशानं?" मी म्हणाले, तापानं. जो ताप तिला आला होता, तोच तुला दिला. "कुठं जाळलं?" तिकडंच, पुण्याला. "आपल्याला कळवलं न्हाई?" न्हाई, म्हणाले. तिनं विश्वास ठेवला. तिच्या ओळखीचं मरण असंच असतं. संध्याकाळी तिनं एक भाकरी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. येऊ नकोस असं मी म्हणत नाही, दार कुणाला बंद नाही. आलास तर ती तुला दिसण्यानं ओळखणार नाही, पण हात लावून ओळखेल, आणि त्या क्षणी तिला कळेल की तू जिवंत होतास आणि आला नाहीस. मेलेला मुलगा तिनं पचवला आहे. हा दुसरा पचेल का, ते तू ठरव. त्यासाठीच हे पत्र. परवा सर्वपित्रीला तिनं हट्ट धरला, आदीचा घास ठेवायचा. खीर केली. पानावर घास वाढून मी पत्र्यावर ठेवला. तिनं हात जोडले आणि कावळ्याच्या दिशेनं, म्हणजे तिला वाटलं त्या दिशेनं, म्हणाली, "आदी, काई राहिलं असंल तर सांग रे बाबा." मी तिचा दंड धरून तिला दोन पावलं मागं घेतलं. कावळा लगेच आला. पंखांचा आवाज तिनं ऐकला. माझ्याकडे वळून, किती दिवसांनी हसून, म्हणाली, "बघ बबे. लेकराचं काईच राहिलं न्हाई."

तुझीच, आणि आईची आता एकुलती,
बबिता